मंजुरीसाठी पाठवा

९ फेब्रुवारी

धाकट्या,

आशीर्वाद वगैरे आज राहू दे. फोनवर विषय काढला की तू "मीटिंगमध्ये आहे, ताई" म्हणतोस आणि ठेवून देतोस. पत्र मध्येच ठेवलंस तरी माझं लिहून झालेलं असेल, म्हणून लिहिते.

आमच्या पाणीपुरवठा कचेरीत काय झालं ते तू बातम्यांत वाचलं असशील. आता माझ्याकडून ऐक. मंगळवारी, तीन तारखेला, दहाला पाच कमी असताना प्रयोगशाळेतली मुलगी जिना चढून माझ्या टेबलाशी आली. धापा टाकत होती. पूर्वेकडच्या टाकीच्या लाइनीत मैलापाणी मिसळत असल्याचा अहवाल तिच्या हातात होता. मी लगेच सूचना लिहिली: पूर्व भागातल्या कोणीही नळाचं पाणी उकळल्याशिवाय पिऊ नये. तुमच्या नव्या सिस्टीममध्ये ती चढवली आणि दहा वाजून काही मिनिटांनी "मंजुरीसाठी पाठवा" दाबलं. पडद्यावर आलं, "प्रलंबित". दिवसभर तेच होतं.

पहिली मंजुरी तांत्रिक अधिकाऱ्याची आणि दुसरी मोठ्या साहेबांची. तांत्रिक अधिकारी पंपिंग स्टेशनवर होते. फोन केला तर म्हणाले, "मॅडम, माझ्याकडे काही आलेलंच नाही. समोर दिसल्याशिवाय मी मंजूर काय करू?" मोठे साहेब परगावी परिषदेला गेलेले. त्यांचा सहायक सांगत होता, साहेब व्यासपीठावर आहेत, चिठ्ठी देता येणार नाही. मग मी लाउडस्पीकरची गाडी सोडा म्हणून खाली गेले. तर नवा नियम असा की वेबसाइटवर सूचना लागून तिला नंबर पडल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर जात नाही. हा नियमही तुमच्या सिस्टीमसोबतच आला.

मी स्वतःच्या फोनवरून शाळा, दवाखाने, वसतिगृहं अशी एकतीस ठिकाणं गाठली. पाळणाघरांची यादी जुन्या वेबसाइटवर होती. ती नव्यात आणायची राहून गेली आणि जुनी तुम्ही कुलूपबंद केली. ज्यांचे नंबर मला तोंडपाठ नव्हते ते राहिले.

सूचना लागली दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वीसला, मोठ्या साहेबांनी परत येऊन स्वतःच्या लॉगिनने लावली तेव्हा. तोवर एका पाळणाघरातली एकोणीस मुलं आजारी पडली होती.

आणि शुक्रवारी मला मेमो मिळाला. सूचना वेळेत प्रसिद्ध न केल्याबद्दल सात दिवसांत खुलासा द्यावा.

आता माझा प्रश्न. सिस्टीम निवडायच्या वेळी, सप्टेंबरात, मी समितीला एक चिठ्ठी दिली होती, हाताने लिहिलेली. एकच मागणी होती: तातडीची सूचना मंजुरीची वाट न पाहता लागली पाहिजे, मंजुरी मागाहून घ्या. तू तिथे सल्लागार कंपनीचा माणूस म्हणून बसला होतास. लग्नानंतर आडनाव वेगळं, त्यामुळे कुणाला नातं ठाऊक नव्हतं. मी तुला "सर" म्हणाले, तू मला "मॅडम" म्हणालास, आणि बाहेर आल्यावर आपण हसलो. त्या चिठ्ठीचं काय झालं? माझा संशय मोठ्या साहेबांवर आहे. तुला काय माहीत आहे ते लिही.

तुझी ताई

१४ फेब्रुवारी

ती. ताईस नमस्कार.

पत्र मिळालं. तुझी मनःस्थिती समजते, पण रागाच्या भरात सिस्टीमला दोष देऊ नकोस. खुलाशात तसं लिहिलंस तर ते तुझ्यावरच उलटेल.

आधी एक विचारतो, रागावू नकोस. तू "मंजुरीसाठी पाठवा" दाबलंस की "जतन करा"? दोन्ही बटणं शेजारी आहेत. घाईत चुकीचं दाबलं जातं, आम्हाला सगळीकडे हाच अनुभव येतो. प्रशिक्षणाच्या दिवशी तू मागच्या रांगेत बसली होतीस आणि अर्ध्यातून तुला कुणीतरी बोलावून नेलं, हे मला आठवतंय. तांत्रिक अधिकाऱ्यांना काहीच आलं नाही, याचा सरळ अर्थ तोच निघतो.

दुसरं, ही निवड उगाच झालेली नाही. सहा सिस्टीम पाहिल्या, एकशे बारा निकष लावले, प्रत्येकाला गुण दिले. तुमची जुनी वेबसाइट आठव. एक पासवर्ड आणि तो सहा जणांना ठाऊक. कुणी काय बदललं याची नोंद नाही. पाणी बंद असल्याची सूचना एकदा चुकीच्या वारी लागली आणि लोक बादल्या भरून बसले, ते विसरलीस? समितीला नियंत्रण हवं होतं. आता प्रत्येक मजकुरामागे जबाबदार माणूस आहे, प्रत्येक क्लिकची नोंद आहे.

तुझ्या चिठ्ठीचं म्हणशील तर फाइल पाहून कळवतो. खुलाशात एवढंच लिही: "नवीन सिस्टीमचा पुरेसा सराव नसल्याने अनवधानाने विलंब झाला." ताकीद देऊन सोडून देतील. भावोजींना नमस्कार.

तुझा भाऊ

१७ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं पत्र मी यांना वाचायला दिलं. हे कधी कुणाला वाईट बोलत नाहीत, तुला माहीतच आहे. त्यांनी वाचून घडी घातली, मला परत दिलं आणि म्हणाले, "याला उत्तर तूच दे, माझ्याच्याने होणार नाही."

बत्तीस वर्षं मी त्या कचेरीत आहे. टंकलेखन यंत्रावर होते, मग काळ्या पडद्याच्या संगणकावर, मग जुन्या वेबसाइटवर. प्रत्येक वेळी नवं शिकले, आणि कुणी शिकवायला नव्हतं तेव्हाही शिकले. कुठलं बटण कशाचं हे मला कळत नाही, असं तुला लिहावंसं वाटलं. तू पाचवीत असताना तुला गणित कोणी शिकवलं ते जरा आठव.

प्रशिक्षणातून मला बोलावून नेलं कारण पश्चिमेला लाइन फुटली होती आणि सूचना लावायची होती. नंतर मी तुमची पुस्तिका घरी नेऊन दोनदा वाचली. मी "मंजुरीसाठी पाठवा" दाबलं. पडद्यावर "प्रलंबित" आलं. "जतन करा" दाबलं तर "मसुदा" येतं. हा फरक तुझ्या कंपनीच्या पुस्तिकेत सतराव्या पानावर आहे, उघडून बघ. पण साहेबांनी आपल्या लॉगिनने तीच सूचना प्रसिद्ध केली आणि "प्रलंबित" पुसलं गेलं. आता तिथे एवढंच दिसतं की चार तारखेला साहेबांनी लावली. जणू आधीचा अख्खा दिवस घडलाच नाही.

काल पाळणाघरवाली बाई आली. पन्नाशीची असेल, ओढणी नीट पिन लावून, हातात कापडी पिशवी. कचेरीत विचारत विचारत माझ्या टेबलाशी पोचली. मला वाटलं आता शिव्या देईल, आणि मी ऐकून घ्यायची तयारी केली होती. तिने पिशवीतून फोन काढला आणि म्हणाली, "बाई, मी रोज सकाळी आल्यावर आणि मुलांना दुपारी झोपवल्यावर तुमची वेबसाइट बघते. त्या दिवशीही बघितली. काही नव्हतं. मी नीट बघितलं नाही का? दुसरीकडे कुठे असतं का ते?"

मी तिला काय सांगू? मी सांगितलं की नव्हतंच, तुम्ही नीटच बघितलं. तिला ते पटलं नाही. मी तिची समजूत घालते आहे असं तिला वाटलं. पुन्हा पुन्हा विचारत राहिली, खाली कुठे बारीक अक्षरात होतं का.

अठरा मुलं घरी गेली. एक मुलगी, अडीच वर्षांची, अजून अतिदक्षता विभागात आहे. जुलाबातून किडन्यांवर गेलं.

"अनवधानाने" हा शब्द मी लिहिणार नाही. मला त्या दिवसाच्या नोंदी हव्यात. प्रत्येक क्लिकची नोंद आहे असं तूच अभिमानाने लिहिलं आहेस. कचेरी म्हणते नोंदी पुरवठादाराकडे आहेत, आणि पुरवठादाराशी बोलणं सगळं तुमच्या कंपनीमार्फत होतं. काढून दे.

ताई

२६ फेब्रुवारी

ताई,

उशीर झाला, कामं होती.

नोंदींचं विचारलं. आमच्या कायदेविषयक विभागाचं म्हणणं असं की चौकशी चालू असताना त्या बाहेर देता येणार नाहीत. चौकशी समितीने रीतसर मागितल्या तर बघू. माझ्या हातात काही नाही.

तुझी चिठ्ठी फाइलमध्ये नाही. मी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत पाहिलं. समितीपुढे ती आली असेल असं मला वाटत नाही. आणि आली असती तरी काय झालं असतं ते सांगता येत नाही. क्लोरीन जास्त पडलं तेव्हाची गोष्ट वेगळी होती. तेव्हा चार मिनिटांत सूचना लागली म्हणून दर वेळी तसंच व्हावं असं म्हणता येत नाही. एका माणसाच्या हातात एवढा अधिकार देणं कुठल्याही संस्थेला परवडत नाही.

ताई, निवृत्तीला चौदा महिने राहिलेत. थोडं नमतं घे. त्या मुलीचं वाईट वाटतं, कुणालाही वाटेल. पण ती तुझ्यामुळे आजारी पडली नाही आणि माझ्यामुळेही नाही. पाइप फुटला होता.

तुझा भाऊ

१ मार्च

चिठ्ठी फाइलमध्ये नाही. समितीपुढे आली असेल असं तुला वाटत नाही. आणि क्लोरीनची गोष्ट तुला माहीत आहे. चार मिनिटंसुद्धा माहीत आहेत.

ती गोष्ट अकरा वर्षांपूर्वीची. तेव्हा तू शिकायला दूर होतास, आणि कचेरीतलं मी तुला कधी सांगत नसे. घरातही कुणाला सांगितलेली नाही, कारण मला ती सांगण्यासारखी वाटली नव्हती. मी ती आयुष्यात एकाच ठिकाणी लिहिली, त्या चिठ्ठीच्या मागच्या बाजूला. समितीला उदाहरण हवं असेल तर असावं म्हणून. चार मिनिटं हा आकडाही तिथेच आहे.

म्हणजे तू ती वाचलीस. पुढून वाचलीस आणि उलटून मागूनही वाचलीस.

तीन आठवडे मी मोठ्या साहेबांकडे बघते आहे आणि मनात म्हणते आहे, या माणसाने माझा कागद दाबला. जिन्यात भेटले तर मी मान वळवते. यांच्याजवळ मी त्यांच्याबद्दल नाही नाही ते बोलले.

मला गेल्या आठवड्यापासून अभिलेख कक्षात बसवलं आहे. तळघरात, जुन्या नकाशांच्या कपाटांमध्ये. लॉगिन काढून घेतलं. शिपाई रोज चहा आणून देतो आणि माझ्याकडे न बघता कप ठेवतो, कारण सगळ्यांना वाटतं की या बाईने बटण दाबलं नाही आणि आता कबूल करत नाही. मी तिथे बसून दिवसभर हातांकडे बघते. तुझं पहिलं पत्र वाचल्यावर दोन रात्री मलाही वाटायला लागलं होतं, खरंच शेजारचं दाबलं असेन का. हे तू माझ्याशी केलंस.

त्या मुलीचं डायलिसिस सुरू झालं आहे.

पाइप फुटला होता हे मला माहीत आहे. पाइप फुटतात. म्हणूनच सूचना लावायला माणूस ठेवतात.

उत्तर द्यायचं तर खरं दे. नाहीतर देऊ नकोस, आणि या घरी येऊही नकोस. यांनीही हेच सांगायला सांगितलं आहे, आणि त्यांना ते सांगताना किती जड गेलं ते मी बघितलं.

१९ मार्च

ताई,

या पत्राचे तीन मसुदे फाडले. हे जसं होईल तसं पाठवतो.

चिठ्ठी माझ्याकडे आली. समितीची तिसरी बैठक होती. तुमच्या शिपायाने सगळे कागद एकत्र माझ्यापुढे ठेवले, त्यात ती होती. अक्षर पाहूनच ओळखली. मी ती वाचली आणि पुढे केली. अध्यक्षांनी वरवर पाहून म्हटलं, "या बाईंना मंजुरी नको आहे, म्हणजे मनमानी हवी आहे. सर, तुमचं तज्ज्ञ म्हणून काय मत?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. तुझं म्हणणं बरोबर आहे हे मला कळत होतं. पण ज्या सिस्टीमला सर्वांत जास्त गुण मिळत होते तिच्यात तशी सोय तयार नव्हती, वेगळी जोडावी लागली असती. तो निकष धरला असता तर ती पहिल्यावरून तिसरी झाली असती, आणि माझ्या वरिष्ठांना तीच हवी होती. हे एक कारण. दुसरं कारण मी स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं. मला भीती वाटली की मी या कागदाची बाजू घेतली आणि पुढे कुणाला कळलं की ती माझी सख्खी बहीण आहे, तर? नातं मी कंपनीला आधी सांगायला हवं होतं, ते सांगितलं नव्हतं. म्हणून मी म्हणालो, "आवश्यक नाही." इतिवृत्तात माझे तेच दोन शब्द आहेत. चिठ्ठी मी घडी करून खिशात घातली आणि घरी आणली. अजून माझ्याकडे आहे. फाइल उघडून पाहिली नव्हती, तरी पाहिली असं तुला लिहिलं. आत काय नाही ते मला माहीतच होतं.

तू ते वाचून थांबशील तर थांब. पण याहून वाईट पुढे आहे.

नोंदी मी तुझं पहिलं पत्र आल्या दिवशीच पाहिल्या होत्या. "मंजुरीसाठी पाठवा" तू तीन तारखेला दहा वाजून सहा मिनिटांनी दाबलंस. त्यानंतर संध्याकाळपर्यंत ती सूचना तू अकरा वेळा उघडून पाहिलीस. सिस्टीमने तांत्रिक अधिकाऱ्यांना लगेच निरोप पाठवला, दर तासाला आठवणही दिली. सगळं आधीच्या तांत्रिक अधिकाऱ्यांच्या पत्त्यावर गेलं. त्यांची नोव्हेंबरात बदली झाली. ते खातं कुणी उघडत नाही. आताच्या अधिकाऱ्यांना खरोखरच काही आलं नव्हतं.

मंजुरीची साखळी मी भरली होती, ताई. माझ्या हाताने. बदलीचं पत्र मला आलं होतं. "नंतर बदलू" म्हणून ठेवलं आणि विसरलो.

हे सगळं माहीत असताना मी तुला विचारलं की तू कुठलं बटण दाबलंस.

परवा मी चौकशी समितीला सहीचं निवेदन दिलं, नोंदींची प्रत आणि तुझी चिठ्ठी जोडून. नातंही लिहिलं. कंपनीने मला घरी बसायला सांगितलं आहे. बायकोला आज सांगितलं. ती म्हणाली, "ताईंना आधी कळायला हवं होतं, मला नंतर कळलं असतं तरी चाललं असतं."

मी कधी येऊ, ते तू सांगशील तेव्हा.

धाकटा

२ एप्रिल

धाकट्या,

समितीने तुझं निवेदन मोठ्याने वाचून दाखवलं. मी समोरच्या खुर्चीत होते. वाचणारे गृहस्थ "सख्खी बहीण" या शब्दापाशी थांबले आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "वाचा पुढे."

मेमो मागे घेतला. मला वर माझ्या टेबलाशी परत बसवलं. मोठे साहेब स्वतः आले, म्हणाले, "झालं गेलं विसरा, मॅडम." मी त्यांना म्हणाले की तुमच्याबद्दल मी तीन आठवडे वाईट बोलले, त्याची माफी मागते, पण विसरणार मात्र नाही. लाउडस्पीकरचा नियम तुम्ही सही करून काढला होता. गाडी सोडा एवढं सांगायला व्यासपीठावरून दोन मिनिटं उतरता आलं असतं. ते गेले. शिपाई चहा ठेवून माझ्याकडे बघून हसला. मला हसू आलं नाही.

तातडीच्या सूचनेची सोय गेल्या गुरुवारी झाली. पुरवठादाराची दोन माणसं सकाळी आली, माझ्या शेजारी खुर्च्या ओढून बसली आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत काम संपवून गेली. सिस्टीममध्ये नाही, वेगळी जोडावी लागेल, गुण कमी होतील असं सगळं तू लिहिलं होतंस ना. अर्ध्या दिवसाचं काम होतं. त्यातही एक जण मध्ये पाऊण तास फोनवर बोलत होता. मी घड्याळ बघत होते. इतका राग मला तुझं पत्र वाचून आला नव्हता.

मुलगी घरी आली आहे. दोन्ही किडन्या जेमतेम काम करतात. आठवड्यातून दोनदा तिला दवाखान्यात न्यावं लागतं, आणि डॉक्टर पुढचं काही सांगत नाहीत. मी भेटून आले. तिच्या आईने मला बस म्हटलं नाही, आणि तिचं बरोबरच होतं.

तू खरं लिहिलंस. उशिरा लिहिलंस, पण समितीने न पकडता सहीनिशी दिलंस, हे मी मानते. समितीपुढे मला मोकळं केलंस म्हणून मी आभार मानावेत असं तुला वाटत असेल तर मात्र ते जमणार नाही. तुला ज्या दिवशी कळलं त्या दिवशी मी मोकळीच होते. तळघरात तू बसवलंस.

येण्याचं विचारलंस. आमच्याकडे इतक्यात नको. यांना अजून वेळ हवा आहे. मलाही हवा आहे. आधी दुसरीकडे जा.

पाळणाघरवाल्या बाईने पाळणाघर बंद केलं आहे. पाट्या उतरवल्या, छोट्या गाद्या कुणाकुणाला देऊन टाकल्या. समितीचा निकाल वर्तमानपत्रात आला तो मी कापून तिच्याकडे नेला. तिने वाचला, परत दिला आणि म्हणाली, "मोठ्या लोकांचं असतं काहीतरी. मी दोनदा बघितलं होतं, तिसऱ्यांदा बघायला हवं होतं." मी तास-दीड तास बसून सांगितलं. माझ्या तोंडून तिला ते खरं वाटत नाही, कारण मी कचेरीची. तिला वाटतं मी सगळ्यांची बाजू सावरते आहे.

ज्याने पत्ता चुकीचा ठेवला आणि कागद खिशात घातला, त्याने समोर उभं राहून "तुम्ही नीट बघितलं होतं, तिथे काही नव्हतं, आणि ते माझ्यामुळे नव्हतं" असं सांगितलं तर कदाचित वाटेल. कदाचित नाही वाटणार. तरी जा.

पत्ता वेगळ्या कागदावर लिहिला आहे. बसथांब्यापासून चालत दहा मिनिटं लागतात. चारनंतर ती घरी असते, एकटीच असते, दार तीच उघडते. सोबत काही नेऊ नकोस, फळं नको, काही नको. आत बोलावलं नाही तर दारातच सांग, आणि ती काय म्हणते ते पूर्ण ऐकून मगच निघ.

ताई